कान भरणारं यंत्र

कान भरायला माणूसच लागतो, असा आजवरचा अनुभव. शेजारीण भरते, भाऊबंद भरतात, ऑफिसात शेजारच्या खुर्चीतला भरतो. यंत्रानं कुणाचे कान भरल्याचं कधी ऐकिवात नव्हतं. मिरजेत ते घडलं, आणि घडलं ते अगदी शब्दशः घडलं. ज्यांचा कान भरला गेला त्यांचं नाव भिकाजी चौगुले, आणि जिनं तो यंत्राकडून भरून घेतला ती त्यांची सख्खी भाची, ऋजुता.

भिकाजीमामांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून त्यांच्या आईनं चार घरी भीक मागितली, त्यातून बाळी केली, ती पोराच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला घातली आणि नावही तसंच ठेवलं. पोर जगलं, पण लहानपणीच एका तापात डोळे गेले. मामा म्हणायचे, देवानं भीक घातली, पण शिगोशीग काही घातली नाही. अंधशाळेत शिकून, छर्रे भरलेल्या चेंडूनं क्रिकेट खेळून, पुढे सूतगिरणीत टेलिफोनवर बसून त्यांनी आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन ते एकटे मार्केटपर्यंत जात, भाजी घेत, ओळखीच्या गाड्यावर चहा पीत आणि एकटे परत येत. कुणी हात धरायला आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ऋजुताचे वडील लवकर गेले, आई नोकरीला परगावी, त्यामुळे ती मामांकडेच वाढली. शाळेत जाताना दोघं एकमेकांचं बोट धरून चालत, तेव्हा कोण कुणाला नेतंय याचा बघणाऱ्यांना पत्ता लागत नसे.

मामा बाहेर पडले की पारूमामी बादली उचलून गच्चीवर जायची. कपडे वाळत घालायला, असं ती म्हणायची. खरं तर चार घरं पुढे पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर मामांची काठी वळेपर्यंत ती कठड्याशी उभी असायची. हे मामांना कळू द्यायचं नाही अशी तिची ऋजुताला लहानपणापासून ताकीद होती, कारण त्यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग मामांच्या उजव्या कानाला गाठ आली. वाईट गाठ होती, पण वेळेवर कळली. डॉक्टर बेडकिहाळांनी आतला कान वाचवला, बाहेरचा मात्र काढावा लागला. ऐकू येत होतं, पण त्या बाजूचं सगळं एकाच भोकातून ओतल्यासारखं यायचं. ऋजुता म्हणाली, काळजी करू नका, कान मी करते. तिचा तोच धंदा होता. निनाद शिरगुप्पे नावाच्या गृहस्थाच्या कार्यशाळेत ती कृत्रिम नाकं, कान आणि जबड्याचे तुकडे घडवायची.

असा कान घडवताना दोन वेगळ्या जगांची गाठ घालावी लागते. एक मापाचं जग. तिथे रेघ म्हणजे रेघ आणि वर्तुळ म्हणजे वर्तुळ. अमुक व्यासाचं भोक म्हटलं की संगणकाला त्याचा मध्य, खोली, सगळं ठाऊक असतं, आणि उद्या एक माप बदललं तर त्याच्यावर टेकलेली बाकीची मापं आपोआप बदलतात. यंत्रांचे भाग या कॅड पद्धतीनं काढतात. दुसरं जग कातडीचं. स्कॅनर चेहऱ्यावरून फिरला की त्याला मापं मिळत नाहीत, नुसते बिंदू मिळतात. ते जोडले की लाखो चिमुकल्या त्रिकोणांची एक जाळी तयार होते, तिला मेश म्हणतात. जाळीला आकार कळतो, अर्थ कळत नाही. नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला, हे तिच्या गावीही नसतं.

कान म्हणजे जाळी. पण तो डोक्याला बसायचा म्हणजे कानामागच्या हाडात रोवलेले बारीक स्क्रू आले, त्यांच्यावर चिकटणारी चुंबकाची पट्टी आली, आणि ती पट्टी केसाइतकी चुकली तरी कान लोंबकळतो. तिथे कॅडच लागतं. इतकी वर्षं ऋजुता जाळी एका सॉफ्टवेअरमध्ये घडवायची, पट्टी दुसऱ्यात, आणि दोन्ही एकत्र आणताना रडकुंडीला यायची. इकडून तिकडे नेताना जाळी फाटायची, त्रिकोण उलटे पडायचे. निनाद म्हणायचा, सोयरीक जमते पण नांदणं जमत नाही.

त्यांचं नांदणं जमवायला 'सांधा' आलं. हे नवं सॉफ्टवेअर असंख्य अवयव आणि यंत्रांचे भाग बघून शिकलेलं होतं, आणि जाळीकडे बघून तिच्यामागचा हेतू ओळखायचं. जे जवळपास गोल दिसतं ते गोलच असणार. जे जवळपास सरळ आहे ते सरळच असणार, स्कॅन करताना हात हलला असेल. असं ते धरून चालायचं. मग त्रिकोणांच्या जागी ते मापातले स्वच्छ वक्र बसवायचं. फाटलेलं दिसलं की शिवायचं आणि भोक दिसलं की भरायचं. जाळी आणि माप एकाच पडद्यावर आले. आठवडा खाणारं काम दुपारच्या चहापर्यंत उरकायला लागलं.

मामांच्या कानासाठी ऋजुतानं त्यांचा डावा कान स्कॅन केला आणि आरशातल्यासारखा उलटवून उजवा केला. सांध्यानं विचारलं, दुरुस्त्या सुचवल्या आहेत, सगळ्या स्वीकारायच्या का? तिनं होय म्हटलं. सगळ्याला होय म्हणायची सवय तिला एकटीलाच होती असं नाही, आपण सगळेच तसे तयार झालो आहोत. रबरासारख्या मऊ पदार्थात छापून निघालेला कान इतका देखणा होता की निनादनं त्याचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवून घेतले. मामांनी बोटं फिरवली आणि बाळी कुठे घालायची एवढंच विचारलं. भोक नंतर पाडू, असं ऋजुता म्हणाली. सगळ्यांचे चेहरे खुलले होते, त्यात बाळीचं कोण घेऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात खुर्चीवर बसले होते. कावळा ओरडला तसे ते पाय वर घेऊन म्हणाले, "पारू, कावळा खाली उतरलाय व्हय?"

"वायरीवर बसलाय की. खाली कुठला आलाय?"

"मला तर पायापाशी ओरडल्यागत वाटलं."

मामी आणि दारात उभी असलेली ऋजुता, दोघी हसल्या. मामाही हसले, पण नंतर बराच वेळ ते मान इकडून तिकडे वळवत काहीतरी शोधत बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. विजेच्या गाड्या मुक्या झाल्या तसं कायद्यानं त्यांना एक गुणगुण लावून दिली होती, आणि मामांसारखी माणसं त्या गुणगुणीच्या जिवावर रस्ता ओलांडत. गिरणीच्या कोपऱ्यावर मामांना गुणगुण समोरून आली असं वाटलं म्हणून ते मागे सरले. रिक्षा मागूनच येत होती. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून बरं. मामांना खरचटलंही नाही, फक्त मेथीची जुडी चाकाखाली गेली. पण ते घरी आले ते कुणा अनोळखी माणसाचा कोपर धरून, आणि रिक्षापेक्षा त्यांना तो कोपर जास्त लागला.

डॉक्टर बेडकिहाळ म्हणाले, घाबरू नका, मेंदू नवा कान शिकतो, थोडे आठवडे द्या. दिले. ऋजुता रोज संध्याकाळी मामांचा जुना छर्ऱ्यांचा चेंडू कधी त्यांच्या डोक्यावर, कधी गुडघ्याशी, कधी पाठीमागे धरून खुळखुळवायची आणि मामा बोटानं दिशा दाखवायचे. डावीकडचं बरं जमायचं. उजवीकडे वरचं खाली आणि मागचं पुढे. आठवडे उलटले तरी बोट चुकतच राहिलं. एकदा मामा म्हणाले, "आवाजाचा वरचा मजलाच पडला बघ, रुजू. सगळं तळमजल्यावर येऊन राहिलंय." त्यानंतर त्यांनी कान काढून बाळीच्या डबीत ठेवून दिला आणि काठी दाराआडच्या खुंटीला टांगली. कान झकास झालाय, फोटोला लावत जाऊ, असं ते म्हणाले. ते रागावले असते तर ऋजुताला सोसलं असतं. ही थट्टा तिला सोसेना.

मामा रेडिओजवळ बसून राहू लागले. मामी ऋजुताला एकटीला गाठून समजावायची. वय झालं त्यांचं, या वयात मेंदू काय नवं शिकणार, घरात बसले तर बिघडतं कुठं, तू मनाला लावून घेऊ नकोस. रोज थोडं थोडं. ऋजुताला ते हळूहळू पटायला लागलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. चूक आपली नसून मामांच्या वयाची आहे, असं ऐकायला कुणाला आवडणार नाही?

असंच चाललं असतं, पण निनादला प्रदर्शनात मांडायला मामांच्याच कानाचा नमुना हवा होता. ऋजुतानं फाइल उघडली आणि सांध्यानं काय काय केलं ते आधीच्या जाळीवर रंगवून बघितलं. जिथे त्यानं भर घातली तिथे लाल रंग येणार होता. कानाचा एकूण एक खळगा लाल झाला. वळ्यांच्या आत, कडेच्या दुमडीखाली स्कॅनरचा उजेड पोचला नव्हता. तिथे जाळी फाटकी होती, आणि सांध्यानं ती फाटकी जागा म्हणजे दोष समजून गुळगुळीत लिंपून टाकली होती. शिवाय उरलेले उंचवटे वक्रात बसावेत म्हणून घासले होते. तिला आधी हसूच आलं. कान भरले म्हणतात ते हेच. मग आठवलं, भरायला होय म्हणणारी तीच होती.

त्या दिवशी तिनं बाकी काम बाजूला ठेवून वाचून काढलं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो. पण वर की खाली, पुढे की मागे, हे त्या फरकावरून कळत नाही. ते काम बाहेरच्या कानाच्या वळ्या करतात. आवाजाचा थोडा भाग सरळ आत जातो, थोडा वळ्यांवर आपटून किंचित उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळताना काही बारीक सूर दबतात. वरून आलेल्या आवाजाचे एक सूर दबतात, खालून आलेल्याचे दुसरे. कुठला सूर दबला म्हणजे आवाज कुठून आला, हे मेंदू जन्मापासून आपापल्या कानावर शिकत असतो. कान बदलला तर तो पुन्हा शिकतो, डॉक्टरांचं खोटं नव्हतं. पण शिकायला आधी कानात वळ्या हव्यात. गुळगुळीत कान प्रत्येक आवाजाला एकच उत्तर देतो. त्यात डोळस माणसाला डोळे सांगतात, चुकलास, कावळा वर आहे. मामांना ते सांगणारं कुणी नव्हतं. मामा शिकायला कमी पडले नव्हते, त्यांच्यासमोर कोरी पाटी धरून वाच म्हणत होतो आपण, हे ऋजुताला कळलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

वाचता वाचता एक गोष्ट तिला अशी सापडली की ती खुर्चीतून उठलीच. नवा कान शिकलेला मेंदू जुना कान विसरत नाही. जुना कान परत मिळाला की जुनं ज्ञान आपोआप जागं होतं. म्हणजे मामांना कुठला तरी चांगला कान नको होता, त्यांचा स्वतःचा हवा होता.

निनाद म्हणाला, मग डावा कान पुन्हा उलटव, फक्त दुरुस्त्या घेऊ नकोस. पण डाव्या कानाला बाळी नव्हती. उजव्याची कड साठ-पासष्ट वर्षं बाळीच्या ओझ्यानं वाकत आली होती, आणि मामांच्या मेंदूनं तो वाकडा कानच शिकला होता. शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन होता, त्यात तो दिसत होता खरा. पण एक तर त्यावर गाठ होती, आणि स्कॅनच्या वेळी उशीनं तो डोक्याशी चपटा दाबला गेला होता. गाठ कुठे संपते आणि कान कुठे सुरू होतो, दाबलेली कड मोकळी असताना कशी दिसायची, हे कुणाला माहीत असणार? तिनं मामांना विचारलं. ते म्हणाले, स्वतःच्या कानाकडे कोण लक्ष देतं, तुझ्या मामीला विचार, दर रविवारी बाळी काढून तेल तीच लावायची.

मामीला विचारलं तर ती म्हणाली तिला काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी कुठली साडी नेसली होती हे सांगणारी बाई नवऱ्याचा कान विसरली, यावर ऋजुताचा विश्वास बसेना. तिनं जुन्या स्कॅनवरून मेणासारख्या मऊ पदार्थात गाठीसकट छापलेला तो चपटा कान स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला. मामीनं शेगडी बंद केली.

"आठवत न्हाई असं न्हाई गं. डोळं मिटून करून दाखवीन," ती म्हणाली. "पण हे घरात बसल्यापासनं पहिल्यांदा माझ्या जिवाला घोर न्हाई. लग्न झाल्यापासनं रोज काठी कोपऱ्यावर वळंस्तवर जीव टांगणीला असतोय. आता म्हातारपणी तरी जरा निवांत वाटतंय. कान नीट झाला की पुन्यांदा तेच."

इतकी वर्षं गच्चीवर उभ्या राहिलेल्या बाईला आणखी उभी राहा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ऋजुता म्हणाली, मग नको करायला, मामी. आणि ती हे मनापासून म्हणाली.

तेवढ्यात मामा चहाचा रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मामी त्यांच्या उजव्या हाताला, अगदी जवळ उभी होती. "आलात व्हय," ती म्हणाली. मामांनी आवाजाच्या रोखानं कप पुढे केला. तो फडताळाच्या दिशेला गेला, जिथे कुणीच नव्हतं. "घे," ते म्हणाले आणि हात तसाच धरून थांबले. कुणी कप घेईना तरी ते थांबून राहिले, परक्याच्या घरी पाहुणा थांबतो तसे.

मामीनं वळसा घालून समोर जाऊन कप घेतला. मामा परत रेडिओकडे गेले. तिनं कप ओट्यावर ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि मैद्याचा डबा काढला.

"घट्ट मळते," ती म्हणाली. "कानवल्याला मळतात तसा. सैल झाला तर बसंल खाली."

त्या दुपारी चौगुल्यांच्या ओट्यावर मैद्याचा कान झाला. छापील कानावरची गाठ ऋजुतानं मामीच्या सांगण्याप्रमाणे सुरीनं कापून काढली, आणि उरलेल्यावर मामी पिठाच्या चिमटी लावत गेली. डोळे खरंच मिटलेले. कड घालताना तिची बोटं कानवल्याला मुरड घालतात तशी भराभर चालली, आणि बाळीच्या जागी थांबली. इथं मुरड सैल सुटल्यागत झालेली, ती म्हणाली, आणि अंगठ्यानं कड जराशी खाली ओढून काडीनं बाळीचं भोक पाडलं. त्याच्या आत एक खळगा होता, त्यात तेल साचायचं. इकडे एक हाडूक. ऋजुता मोडता न घालता हातातला स्कॅनर फिरवत राहिली, एका बाजूनं मैदा सुकून तडकायला लागला होता म्हणून घाई होती. या वेळी तिनं पिठाचा कान दोरीला टांगून सगळ्या बाजूंनी, खालून, आतून, वळ्यांच्या पोटात उजेड घालून स्कॅन केला. एकही जागा फाटकी राहू दिली नाही. उरलेल्या मैद्याचे मामीनं कानवले तळले.

कार्यशाळेत सांध्यानं ती जाळी बघून अपेक्षेप्रमाणे नाक मुरडलं. कड असमान आहे. खळगा अनियमित आहे. वर एक भोक आहे. सुचवलेली दुरुस्ती: भरणे. ऋजुता एकेका ओळीला नाही म्हणत गेली. सगळ्याला एकदम नाही म्हणायची सोयसुद्धा होती, पण तिला प्रत्येक ओळ वाचायची होती. शेवटी सांध्यानं विचारलं, हे आकार हेतुपूर्वक आहेत का? होय. रचनाकाराचं नाव? तिनं पार्वती भिकाजी चौगुले असं टंकलं. मग कानाच्या भागाला कुलूप घातलं आणि हाडाला बसणारी पट्टी तेवढी मापात काढली, स्क्रूशी काटेकोर जुळणारी. जाळी जाळीसारखी राहिली, माप मापासारखं, आणि दोघं एकाच पडद्यावर एकमेकांना न सुधारता नांदले. निनादनं पडद्याकडे बघून एवढंच विचारलं की यापुढे प्रत्येक पेशंटच्या घरचं कुणीतरी बोलवायचं का. बोलवायचं, असं ऋजुता म्हणाली, पण कणीक ज्यानं त्यानं आपापली आणायची.

नवा कान देखणा नव्हता. वरच्या बाजूला वाकडा होता, आणि जुन्या फोटोतल्या कानासारखाच जरा हट्टी दिसत होता. ऋजुतानं तो मामांना बसवला. मामांनी बोटं फिरवली, बाळीच्या भोकावर ती थांबली.

"सोनारानं टोचला म्हंजे दुखत न्हाई म्हणतात," ते म्हणाले. "भाचीनं टोचला तरी दुखत न्हाई म्हणायचा."

मामीनं डबीतून बाळी काढून भोकात ओवली. भोक तिच्याच हातचं होतं, बाळी पहिल्या झटक्यात गेली. ऋजुतानं चेंडू घेतला. तिला इतकी भीती वाटत होती की तो खुळखुळवायच्या आधीच हातात खुळखुळायला लागला. तिनं मामांच्या उजव्या बाजूला, टाचा उंचावून, हात पोचेल तितका वर नेला.

मामांनी मान जराशी तिरकी केली. त्यांचं बोट वर गेलं आणि नेमकं चेंडूवर थांबलं.

"वर हाय," ते म्हणाले. "आन चवड्यांवर उभी हायस. खाली ये, पडशील."

ऋजुता तिथेच फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. इतक्या आठवड्यांचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरताना एवढा आवाज होईल असं तिला वाटलं नव्हतं. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले आणि हात न चाचपडता डोक्यावरच पडला. काही दिवस त्यांनी अंगणात सराव केला. कावळे, कुकर, शेजारच्या गच्चीतलं पोरांचं भांडण, सगळं एकेक करून आपापल्या मजल्यावर परत गेलं. मग एका सकाळी त्यांनी खुंटीवरची काठी काढली.

मामीनं पिशवी हातात दिली आणि मेथी बघून आणा, मागची चाकाखाली गेली, एवढं बजावलं. मामा उंबऱ्याबाहेर पडताच तिनं बादली उचलली. ऋजुताही तिच्यामागे जिना चढली. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली काठी टकटक करत निघाली. मागून एक गुणगुण आली. मामा कडेला सरले, थांबले, रिक्षा गेली, मग पुन्हा चालू लागले. मामीनं कठड्याची कड धरली होती. बांगड्या दगडावर किणकिणल्या तशा तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरल्या.

गिरणीच्या कोपऱ्यावर मामा थांबले. मामीच्या तोंडून अगं बाई निघालं. पण रस्ता मोकळा होता. मामा मागे वळलेही नाहीत. पाठमोरंच राहून त्यांनी काठी खांद्यावरून उचलली, मागे, वर, थेट त्यांच्या गच्चीच्या रोखानं धरली आणि हलवली.

"पारू," ते ओरडले, "कपडे वाळले असतील. रोज एवढा वेळ लागत न्हाई. उतर आता खाली."

काठी खाली आली आणि कोपऱ्यावर वळली. मामी तोंडावर हात ठेवून उभी होती. इतक्या वर्षांत एकदासुद्धा बोलले नाहीत गं, ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऋजुतानं तिला धरून जिन्याकडे वळवलं आणि दुसऱ्या हातानं बादली उचलली. बादलीत एकही कपडा नव्हता.